हवेवरचं हत्यार वाऱ्यावर सोडू नका

गेल्या अंकात मी कॉम्प्रेसरच्या हवेवर चालणाऱ्या सँडरबद्दल, म्हणजे कागद लावून घासायच्या यंत्राबद्दल, दीड पान लिहिलं आणि शेवटी ‘करंट नाही म्हणून धोका नाही, असं समजू नका’ एवढं एक वाक्य टाकून मोकळा झालो. पत्रं आली ती सगळी त्या एका वाक्यावर. चूक माझीच. मी २८ वर्षं घासकाम केलं, आधी गाड्यांच्या पत्र्यावर आणि नंतर लाकडावर. त्यामुळे उत्तरं देताना काही जुनी पापंही कबूल करावी लागली आहेत.

आमच्या गॅरेजमध्ये विजेचा सँडर काढून हवेचा ऑर्बिटल (ज्याची कागद लावायची चकती, म्हणजे पॅड, छोट्या वर्तुळांत फिरते) आणला. पुट्टीवर टेकवला की मंद पडायचा, म्हणून मालकांनी हवेचा दाब ठरवणारा रेग्युलेटर १२० पीएसआयवर (हे दाबाचं माप) नेला. आता मस्त पळतो. चालेल ना?

चालेल, पण किती दिवस ते सांगता येणार नाही. आधी रेग्युलेटर खाली आणा, मग पुढचं वाचा.

बहुतेक एअर सँडर ९० पीएसआयसाठी, म्हणजे साधारण ६.२ बारसाठी बनवलेले असतात. हा आकडा कॉम्प्रेसरच्या टाकीवरचा नव्हे, भिंतीवरच्या गेजवरचाही नव्हे. सँडरच्या तोंडाशी, तो चालू असताना असायला हवा तो हा दाब. आमच्याकडे हीच तक्रार आली तेव्हा मी सँडरच्या आधी एक टी (तीन तोंडांचा जोड) जोडून त्यावर छोटा गेज बसवला. सँडर सुरू करायचा लिव्हर सोडलेला असताना काटा ९० वर. लिव्हर दाबला आणि काटा सरसर खाली येऊन ६५ ला थांबला. दाब कुठे गेला? नळीत. पाव इंची, लांबलचक, मध्ये तीन ठिकाणी क्लिप मारून जोडलेली नळी होती, आणि शेवटी नळी सँडरला जोडणारा एक झिजलेला कपलर. आत ३/८ इंच पोकळी असलेली एक अखंड नळी टाकली, कपलर बदलला, आणि रेग्युलेटरला फारसा हात न लावता सँडर ताळ्यावर आला.

तुमच्या मालकांनी आजाराऐवजी ताप दाबलाय. नळी लहान असताना १२० ठेवलं की ओझ्याखाली सँडरला जेमतेम हवा पुरते. पण तुम्ही तो पुट्टीवरून उचलता त्या क्षणी ओझं संपतं आणि यंत्र सुसाट सुटतं. सहा इंची ऑर्बिटलचा मोकळा वेग मिनिटाला १०,००० ते १२,००० फेऱ्यांचा असतो. म्हणजे सेकंदाला २०० पर्यंत. पॅड हवेत मोकळं फिरत त्या वेगापर्यंत गेलं, तर त्याच्या काठाचा वेग सेकंदाला ९० मीटरच्या वर जातो. हे हिशोब ९० पीएसआयचे. दाब वाढवलात की पॅडवर छापलेली कमाल फेऱ्यांची मर्यादा ओलांडली जाऊ शकते, आणि वेल्क्रो झिजलेला असेल तर कागद तबकडीसारखा भिरभिरत निघतो. म्हणून सँडर कामावर टेकवूनच सुरू करायचा आणि लिव्हर सोडून, फिरणं मंदावलं की मग उचलायचा. हवेत गुर्र-गुर्र करून ‘चालतोय का’ बघायची सवय सगळ्यांना असते, मलाही होती.

ओल्या घासकामाला हवेचा सँडर विजेच्या सँडरपेक्षा बरा, हे मात्र खरं. शॉकची भीती नाही. मालकांना एवढं श्रेय द्या.

कागद बदलताना दर वेळी नळी काढायची म्हणजे दिवसभरात किती वेळ जातो! लिव्हरला हात लावला नाही की झालं ना?

मीही हेच म्हणायचो. एकदा ८० नंबरचा कागद बदलायला सँडर दोन गुडघ्यांत उलटा धरला आणि नखाने कागदाची कड सोडवत होतो. कोणीतरी मागून हाक मारली, मी वळलो, आणि मांडीने लिव्हर दाबला गेला. डाव्या तळव्याची कातडी बटाटा सोलावा तशी निघाली. पुढचे तीन आठवडे मी डब्याचं झाकणही दुसऱ्याकडून उघडून घेत होतो.

कपलर काढायला चार सेकंद लागतात. काढल्यावर लिव्हर एकदा दाबून आत अडकलेली हवा सोडून द्या. सँडरजवळच नळीवर छोटा बॉल व्हॉल्व्ह (हवा बंद करायचा नळ) बसवला तर तेवढंही नको, व्हॉल्व्ह बंद करा आणि लिव्हर दाबून रिकामा करा. कपलर काढताना नळीचं तोंड घट्ट धरून ठेवा. हवा भरलेली नळी हातातून सुटली तर सापासारखी फणा काढते, आणि तिच्या टोकाला पितळेचा कपलर असतो हे विसरू नका.

मी लाकडी खेळणी बनवते. घासताना नाकातोंडाला ओला रुमाल बांधते. एवढ्यावर भागतं ना? लाकूड तर नैसर्गिकच असतं.

‘नैसर्गिक’ या शब्दावर माझा फार राग आहे, तेव्हा आधी तोच काढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. नाक आणि नाकामागच्या पोकळ्यांचा कर्करोग. फुफ्फुसाचा त्रास आणि दमा वेगळाच.

आता रुमाल. रुमालावर जी पिवळी भुकटी साचते ती बघून आपल्याला वाटतं, बघा किती अडवली. ती जाडी धूळ असते, ती नाकातल्या केसांनीही अडवली असती. डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड धरला, तर फुफ्फुसाच्या तळापर्यंत जाणारे कण ४-५ मायक्रॉनच्या आतले असतात. रुमालाच्या विणीतून ते दार उघडं असल्यासारखे जातात. एन९५ किंवा एफएफपी२ दर्जाचा मास्क घ्या आणि तो चेहऱ्याला सगळीकडून चिकटतोय का ते बघा. दाढीवाल्यांना हे ऐकवत नाही, पण दाढीवर मास्क बसत नाही. हवा नेहमी सोपी वाट शोधते, गाळणीतून जाण्यापेक्षा केसांमधून जाते.

एक प्रयोग करा. संध्याकाळी घासकाम आटोपल्यावर दिवे बंद करा आणि एक जोरदार टॉर्च आडवा धरून त्याच्या झोताकडे बाजूने बघा. जी खोली तुम्ही स्वच्छ समजत होतात तिच्यात धुळीचं दूध तरंगताना दिसेल. ती बराच वेळ खाली बसत नाही. म्हणूनच ‘काम संपलं, मास्क काढला’ हे चुकीचं. सँडर बंद केल्यावर तुम्ही झाडू मारता ना? तो मास्क लावूनच, आणि जमलं तर झाडूऐवजी व्हॅक्युमने.

मास्क ही शेवटची भिंत झाली. धूळ उडूच नये हे आधी बघावं. हवेचे सँडर तीन तऱ्हांचे येतात. काहींना धूळ ओढायची सोयच नसते. काहींत बाहेर पडणारी हवाच एका नळकांड्यातून जोरात जाते आणि आपल्याबरोबर धूळ ओढून पिशवीत टाकते. तिसऱ्यांना बाहेरचा व्हॅक्युम जोडायचा असतो. तिसरा सगळ्यात चांगला. पण दुसरा असला तरी कागदाची भोकं पॅडच्या भोकांवर नीट बसली पाहिजेत. घाईत कागद तिरका चिकटवला की भोकं झाकतात, आणि पिशवी निव्वळ शोभेची होते. जवळजवळ प्रत्येक वर्कशॉपमध्ये मी हे बघितलंय.

जुन्या लोखंडी खिडक्यांचा रंग काढायचा आहे. हवेचा सँडर लावू का?

रंग किती जुना ते माहीत नसेल तर कोरडा घासू नका. जुन्या रंगांत शिसं असायचं, आणि धातूवरच्या काही प्रायमरमध्ये क्रोमेट हे विषारी रसायन. ती धूळ कपड्यांबरोबर घरी जाते आणि शिशाचा सगळ्यात जास्त त्रास लहान मुलांना होतो. तपासून घ्या. शिसं निघालं तर ओलं करून हाताने खरवडा, आणि निघालेला चिखल पिशवीत बंद करा. पाणी मारल्यावरही सँडर लावला तर तो चिखल वाळत वाळत उडवतोच.

काम संपल्यावर आम्ही ब्लोगनने (दाबाची हवा फुंकायच्या पिस्तुलाने) कपडे झटकतो. सगळेच झटकतात. त्यात काय?

सगळेच झटकतात, हे खरं. मी ज्या एका वर्कशॉपमध्ये होतो तिथे सुट्टी झाली की ओळीने उभे राहून एकमेकांना झटकायची पद्धत होती, आणि त्यात चेष्टाही चालायची. एका हेल्परच्या कानाशी कोणीतरी गंमत म्हणून ब्लोगन दाबली. पडदा फाटला. पोरगं एकोणीस वर्षांचं होतं.

कातडीवर कुठे बारीक कापलेलं असेल, आणि घासकाम करणाऱ्याच्या हातावर ते असतंच, तर तिथून दाबाची हवा कातडीखाली शिरते. ती रक्तात गेली तर बुडबुडा रक्तवाहिनी अडवतो. कपड्यांवरून मागच्या बाजूने हवा सोडण्याच्या ‘गमती’त आतडी फाटून माणसं दगावली आहेत. हे लिहायला संकोच वाटतो, पण ज्यांना सांगायचं त्यांना आडून सांगितलेलं कळत नाही.

अमेरिकेतल्या कामगार-सुरक्षेच्या नियमात साफसफाईसाठीची हवा ३० पीएसआयच्या खाली ठेवायला सांगितलंय. मेख अशी की ब्लोगनचं तोंड बोटाने पूर्ण दाबून धरलं, तरी तिथे दाब ३० च्या वर जाता कामा नये. बाजूला भोकं असलेल्या ब्लोगन यासाठीच मिळतात. तोंड अडलं की हवा बाजूने निघून जाते. पण अंगावरच्या कपड्यांसाठी तीही नको. व्हॅक्युमची नळी अंगावरून फिरवा. पोरं हसतील, हसू द्या.

घासताना हातमोजे घालावेत का?

ऑर्बिटलला घाला, हाताला घट्ट बसणारे. डाय ग्राइंडर, बेल्ट सँडर अशा गोल किंवा पट्ट्याने फिरणाऱ्या हत्याराजवळ सैल सुती मोजे मुळीच नकोत. एक धागा अडकला की मोजा जातो आणि बोट त्याच्या मागोमाग जातं. लांब बाह्या, गळ्यातला दोरा, मोकळे केस यांनाही हेच लागू.

उस्ताद, सहा वर्षं फर्निचर घासतोय. अलीकडे रात्री बोटांना मुंग्या येतात आणि थंडीच्या दिवसांत उजव्या हाताची दोन बोटं पांढरी पडतात. थोड्या वेळाने आपोआप बरं होतं. दुर्लक्ष केलं तर चालेल?

उस्ताद म्हणालात म्हणून नव्हे, पण तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. दुर्लक्ष करू नका. याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा आणि ‘मी रोज थरथरणारं हत्यार चालवतो’ हे वाक्य पहिल्यांदा सांगा, कारण तुम्ही सांगितलं नाही तर ते मानेचं दुखणं समजून मानेचे व्यायाम देतील. मला दिले होते.

हा आजार नवा नाही. १९१८ मध्ये ॲलिस हॅमिल्टन या अमेरिकन डॉक्टरबाईंनी इंडियाना राज्यातल्या बेडफर्डच्या खाणकामात चुनखडीचा दगड घडवणारे कारागीर तपासले. त्यांच्या हातात हवेचे हातोडे असत. थंड सकाळी त्यांची बोटं मृत माणसाच्या बोटांसारखी पांढरीफटक पडत. जास्त बाधा डाव्या हाताला होती, कारण छिन्नी त्या हाताने धरायची. शंभर वर्षांपूर्वीचे हवेचे हातोडे आणि आजचे सँडर यांत फरक आहे. पण थरथर रक्तवाहिन्यांना आणि नसांना जे करते, ते तेच.

युरोपात यासाठी २००२ पासून नियम आहे. आठ तासांच्या दिवसाची सरासरी थरथर २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग या पातळीला गेली की मालकाने उपाय सुरू करायचे, आणि ५ ही मर्यादा ओलांडायची नाही. गणित समजून घेण्यासारखं आहे. थरथर दुप्पट झाली की चालवायचा वेळ निम्मा होत नाही, चौथाई होतो. ५ ची थरथर असलेला सँडर २ तास चालवलात की २.५ ची पातळी गाठली. १० ची असेल तर अर्धा तास पुरे. आता तुमचं पॅड आठवा. काठ फाटलेलं आहे? एका बाजूने झिजलंय? दुसऱ्या कंपनीचं, जरा जड पॅड ‘बसतंय’ म्हणून लावलंय? ऑर्बिटलच्या आत पॅडच्या वजनाला तोलून धरणारं प्रतिवजन असतं. पॅडचं वजन बदललं की तो तोल बिघडतो आणि सगळी थरथर तुमच्या मनगटात येते. मी दोन वर्षं तसं जड पॅड वापरलं.

अजून एक गोष्ट, जी पुस्तकात वाचण्याआधी मला बोटांनी सांगितली. दाबातली हवा सुटून पसरली की गार होते. काही सँडरची सुटणारी हवा नेमकी बोटांवर येते. दिवसभर गार झोत आणि वर थरथर, म्हणजे रक्त आटायला दुहेरी कारण. हवा मागे नळीतून सोडणारा सँडर घ्या, हात गरम ठेवा, आणि पकड सैल करा. घट्ट आवळून धरलं की थरथर हाताच्या आत जास्त शिरते. घासायचं काम कागदाने करायचं असतं, खांद्याने दाबून नव्हे. कागद बोथट झालाय म्हणून आपण दाबतो, म्हणून कागद लवकर बदला. अर्धा तास घासलं की दहा मिनिटं दुसरं काम घ्या. तंबाखू ओढत असाल तर ती रक्तवाहिन्या आणखी आवळते.

माझ्या उजव्या हाताची मधली दोन बोटं आता सुई टोचली तरी उशिरा सांगतात. शर्टाचं वरचं बटण लावायला आरसा लागतो. तुमची अजून ‘थोड्या वेळाने बरी’ होतायत, म्हणून एवढं लांबवलं.

कॉम्प्रेसरपासून वर्कबेंचपर्यंत लाइन टाकायची आहे. बांधकामातले पीव्हीसी पाइप उरलेत, त्यांवर १० किलोचा दाब छापलेला आहे. पुरेल ना?

तो आकडा पाण्याचा आहे. पाणी दाबलं तरी जवळपास आकसत नाही, म्हणून पाण्याचा पाइप फुटला तर चीर पडते आणि जमीन भिजते. हवा दाबली की ती स्प्रिंगसारखी शक्ती साठवून बसते. पीव्हीसी वयाने, उन्हाने, कॉम्प्रेसरच्या गरमीने आणि तेलाने ठिसूळ होतो. मग एक दिवस कोणाची तरी शिडी त्याला लागते आणि त्याचे सुऱ्यांसारखे तुकडे खोलीभर उडतात. लोखंडी, तांब्याची किंवा हवेसाठीच बनवलेली ॲल्युमिनियमची लाइन टाका. उतार द्या, पाणी साचायला पाइपाचा एक खाली वळवलेला तुकडा आणि ते सोडायला ड्रेन कॉक ठेवा, आणि सँडरकडे जाणारी फाटा-नळी मुख्य पाइपाच्या वरच्या बाजूने काढून खाली वळवा. म्हणजे पाणी फाट्यात उतरत नाही. टाकीचं पाणी रोज सोडा.

धूळ गोळा करायच्या एकाच पिशवीत ॲल्युमिनियम आणि लोखंड दोन्हींची धूळ जाते. काही बिघडतं का?

फार बिघडतं. ॲल्युमिनियमची बारीक भुकटी आणि लोखंडाचा गंज एकत्र आले, की रेल्वेचे रूळ जोडायला जी प्रक्रिया वापरतात तिचंच सामान झालं. ते पेटलं तर २,००० अंश सेल्सिअसच्या वर जातं. आणि लोखंड घासताना ठिणगी उडतेच. पिशव्या वेगळ्या ठेवा, नळ्याही वेगळ्या. ॲल्युमिनियमच्या धुळीला आग लागली तर पाणी मारू नका, कोरडी वाळू टाका. व्हॅक्युमची नळी स्थिर वीज वाहून नेणारी, अर्थिंग केलेली असावी, हे लाकडाच्या धुळीलाही लागू.

लाकूडवाल्यांनी हे वाचून हसू नये. पॉलिश किंवा तेल लावलेलं लाकूड घासलेली भुकटी पिशवीत दाबून भरली, की ती आतल्या आत हवेशी रासायनिक झटापट करून तापते. एका रात्री आमची भरलेली पिशवी कोपऱ्यात धुमसताना सापडली. ज्वाळा नव्हती, फक्त करपट वास. रोज संध्याकाळी पिशवी झाकणाच्या लोखंडी डब्यात रिकामी करून डबा बाहेर ठेवायचा, हा नियम त्या दिवसापासून.

कानाला काही लावायचं का? सँडरचा आवाज फार मोठा वाटत नाही.

शेजारी उभ्या माणसाशी बोलताना आवाज चढवावा लागतो का? लागत असेल तर लावा. ८५ डेसिबल ८ तास, ८८ असेल तर ४, ९१ असेल तर २, असा हिशोब धरतात. हवा बाहेर पडते तिथे बसवलेला सायलेन्सर धुळीने चोंदला म्हणून काढून फेकणारे मी पाहिलेत. तो धुवायचा असतो.

सँडर पूर्वीपेक्षा कर्कश वाजतो आणि सुरू व्हायला कुरकुरतो. तेल किती घालायचं?

दिवसाच्या सुरुवातीला हवेच्या तोंडात एअर टूल ऑइलचे चार-पाच थेंब. मोटरच्या आत रोटरच्या खाचांतून सरकणाऱ्या पट्ट्या असतात, त्या कोरड्या पडल्या किंवा पाण्याने गंजल्या की कुरकुरतात. इंजिन ऑइल नको, ते घट्ट होऊन पट्ट्या चिकटवतं. संध्याकाळी ठेवण्याआधीही दोन थेंब घाला. तुमची लाइन तेल देणाऱ्या उपकरणातून जात असेल तर वरून घालू नका, आणि त्या नळीला स्प्रे गन कधीच जोडू नका. तेल घातल्यावर पहिली दहा सेकंदं सँडर जुन्या कापडावर चालवा. आत साचलेलं काळं तेल आधी बाहेर येतं, आणि ते समोरच्या ताज्या प्रायमरवर उडालं तर रंगात फिश-आय, म्हणजे माशाच्या डोळ्यासारखे गोल खळगे, पडतात. मग अख्खा दरवाजा परत घासायला तुमच्याच हातात येतो.